वाजणारे बूट

मोर्शी,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय रागिणीताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तू अकोल्याहून नीलमसाठी पाठवलेले लाल बूट मिळाले. पाऊल टेकलं की पीं पीं वाजणारे, हौसच तुझी! यंदा संत्री बरी लागली आहेत. हे सकाळपासून बागेतच असतात. सासूबाईंचा गुडघा तसाच.

फोनवर तू 'नीलम चालायला लागली का?' विचारतेस आणि मी 'हॅलो, आवाज येत नाही' म्हणून ठेवून देते. आवाज येतो, ताई. स्वच्छ येतो.

पोर दोन वर्षांची झाली, अजून चालत नाही.

आधीची दोन पोटातच गेली, म्हणून सासूबाईंनी नवस केला होता. कौंडण्यपूरच्या यात्रेत देवीची ओटी भरेपर्यंत पोरीला उघड्यावर काढायचं नाही. नेमके यात्रेच्या तोंडावर सासरे गेले. वर्षभर देवकार्य बंद, आणि नीलम आतल्या खोलीत. माझं दूध लवकर आटलं. मग चहा-बिस्किट आणि वरणाचं पाणी. मी काही बोलले की सासूबाई म्हणायच्या, "काहून घाई करून राहिली? तिचा बाप बी उशिराच चालला."

यंदा ओटी भरली. देवळात तिला उभी केली, तर पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेले. मटकन खाली बसली. तिच्याहून लहान पोरं भोवती धावत होती.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन फार कमी आहे. व्हिटॅमिन डी नाही, म्हणून हाडं मऊ राहिली. औषध देते. दूध, अंडं द्या. सकाळचं ऊन द्या."

ऊन! आपल्या वऱ्हाडात दुसरं आहे काय, ताई? पाय सरळ होतील का विचारलं, तर म्हणाल्या, बघू.

औषध घेते. उन्हात मात्र येत नाही. उचलून नेलं की डोळे गच्च मिटून किंचाळते, माझ्या पदरात शिरते. माझं काळीज तुटतं.

महिनाभर मी सासूबाईंवर मनातल्या मनात दात-ओठ खात होते. काल पाहिलं, त्या अंगणात उन्हात बसून तुझे बूट हातानं दाबत होत्या. "ये वो माय! पाह्य, कसे वाजून राहिले!" डोळ्यांना धार लागलेली. नीलम आत सावलीत हसत होती. बसल्या-बसल्या उंबऱ्यापर्यंत सरकली, आणि थांबली.

लहान व्हायच्या आत ते बूट तिच्या पायांनी एकदा वाजावेत, दुसरं काही नको मला.

आता फोन केलास की विचार. मी ठेवणार नाही.

उंबऱ्याशी बसलेली,
तुझी पौर्णिमा