दोनशेच्या वर

अंबरनाथ (पूर्व),
३० डिसेंबर २०२४

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न.

श्वास मोजायच्या नळीत तिसरी फुंक मारत होते तेवढ्यात पोस्टमनने बेल वाजवली. नळी तोंडात ठेवूनच दार उघडलं. तुझं पत्र हातात देऊन तो दोन पावलं मागे सरकला. तीन फुंका मारायच्या, नळीवरचा सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, असा नियम आहे. तिसरी वाया गेली. पहिल्या दोन एकशे नव्वदच्या आसपास होत्या. वहीत दोनशे साठ लिहिलं.

तुझे टोमणे पोचले. उल्हासनगरच्या दवाखान्यात दम्याच्या नव्या औषधाचा अभ्यास चालला आहे आणि मी त्यात नाव घातलं, यात हसण्यासारखं काय ते मला कळलेलं नाही. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना रिकामा पंप. कोणाला काय, हे तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. माझा जुना पंप त्यांनी बंद केला आहे. दर शनिवारी हिमानी नावाची मुलगी येऊन वही तपासते. मला आंटी म्हणते. सुरुवातीला एकदा मी एकशे ऐंशी लिहिलं तर तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पन्नास लिहिलं. आता म्हणते, आंटी, तुम्ही आमच्या सगळ्यात छान पेशंट. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

बाकी क्षेम. दत्तजयंतीपासून कपाटाला टेकून बसून झोपते, तेवढंच. फोन करू नकोस. तीन वाक्यांत धाप लागते आणि चौथं तू बोलू देत नाहीस.

लोभ आहेच. टोमणे थोडे आवरावेत, ही विनंती.
कुंदा


खरवई, बदलापूर,
३ जानेवारी २०२५

चि. कुंदास,
अ. आ.

तू बसून झोपतेस आणि वहीत दोनशे साठ लिहितेस. तुझा सत्कार करायला हवा.

संमतीपत्राची प्रत तू मला दिलीस ती स्वतः न वाचताच. मी वाचली. सहाव्या पानावर आहे: फुंक सलग दोन दिवस दोनशेच्या खाली गेली, तर रोग्याला अभ्यासातून काढून नेहमीचं औषध लगेच सुरू करावं. हा आकडा तुझा जीव राखायला आहे. तू तो पाहुण्यांपुढे चिवड्याची बशी ठेवावी तसा ठेवतेस.

नवल नाही. मुलगा बघून गेला तेव्हा आईने तुला विचारलं, कसा वाटला. तू म्हणालीस, बरा आहे. पुढची अठ्ठावीस वर्षं तो किती बरा होता ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सासूने विचारलं तरी बरं आहे, डॉक्टरने विचारलं तरी बरं आहे. उद्या यमाने विचारलं तरी हेच सांगशील, आणि वर त्याला चहा घेणार का म्हणशील.

त्या हिमानीला पगार खऱ्या आकड्यांचा मिळतो, गोजिरवाण्या आकड्यांचा नाही. तुझ्यासारख्या चार सुस्वभावी बायका जमल्या तर रिकामा पंपही गुणकारी ठरेल. मी चाळीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. खोट्या आकड्यापेक्षा कोरी जागा बरी.

आशीर्वाद पाठवतो. अक्कल पोस्टाने जात नाही.
विष्णु


अंबरनाथ,
८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

चाळीस वर्षांचं तू मला सांगू नकोस. लग्नाआधी तुझा डबा मीच घेऊन यायचे. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी तू भट्टी मंद करायला लावायचास. मग धुराचं माप घ्यायचास, वहीत ‘मर्यादेत’ लिहायचास आणि त्याच हाताने पोळी मोडायचास. पलीकडे बुवापाड्यातली माणसं खोकायची. तू म्हणायचास, विड्या फार ओढतात.

माझ्याकडे भांड्यांना येते ती कौसाबाई बुवापाड्यातलीच. तीही या अभ्यासात होती. वही तिची नात पायल भरायची. कौसाबाईने तिला बजावलं होतं, जो आकडा दिसंल तोच घाल, आपल्याला काय पास व्हायचंय का. एकशे साठ, एकशे पासष्ट. तिसऱ्या आठवड्यात तिला काढून टाकलं. आता ती नेहमीचं औषध घेते, माझे तीन मजले न थांबता चढते आणि वर येऊन मलाच विचारते, बाई, अजून बसूनच झोपता का. काढून टाकल्याची लाज म्हणून नाही.

मला ते जमणार नाही. मी कधी नापास झालेले नाही. हिमानी वही बघून हसते, ते माझ्या आठवड्यातलं एकच हसू आहे. ते पुसण्याएवढी मी गावंढळ नाही.

हे पत्र तीन बैठकांत लिहिलं. इकडे क्षेम.

राग असला तरी पत्र लिहीत जावं.
कुंदा


खरवई,
१४ जानेवारी, संक्रांत

चि. कुंदास,

भट्टीचं खरं आहे. मला कोणी सांगितलं नव्हतं. वरच्यांना आवडेल म्हणून मीच करायचो. तपासनीस म्हणायचे, विष्णुपंत, वही असावी तर तुमच्यासारखी. मला बरं वाटायचं. ते गेले की भट्टी पुन्हा वाढायची. तेव्हा तू आणि आई गच्चीवर पापड घालत असायचात. आईचा दमा त्याच वर्षांतला. वहीत तेही मर्यादेत आहे.

मी तुला हसतो असं तुला वाटतं. मी ओळखीच्या माणसाला हसतो.

कौसाबाईला तू अडाणी समजतेस. तुम्हा दोघींत एकच बाई शहाणी आहे आणि तिला सही करता येत नाही. तुला येते, आणि तू ती रोज खोट्याखाली करतेस.

यापुढे पत्राच्या डोक्यावर नमस्कार नको, क्षेम नको. तिथे त्या दिवशीची फुंक लिही. आकडा नसेल तर मी पुढे वाचणार नाही. आईच्या उशाशी बसलो तेव्हा ती शेवटपर्यंत म्हणत होती, मला काही होत नाही. ते एकदा ऐकलं. पुन्हा ऐकणार नाही.

सोबत तिळगूळ आहे. घे, आणि गोड बोलू नकोस.
दादा


काल १५०. आज १४०.
अंबरनाथ, १७ जानेवारी

दादा,

दोन्ही दिवस खरं लिहिलं. आकडा कौसाबाईला दाखवला. ती म्हणाली, बाई, हा तर माझ्याहून खाली, मग इतके दिवस मिरवत काय होता. तिळगूळ तिला दिला. मला चघळताना श्वास पुरत नाही.

तुझ्या पत्राचा राग आला. आईचं वाचल्यावर तो गेला नाही, पण पेन उचललं.

उद्या शनिवार. हिमानी येईल. तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव करते आहे. सुचतं ते सगळं गोडच आहे. पत्र उद्या टाकीन.

शनिवार, अकरा वाजता, उल्हासनगर.

हिमानी सकाळी आठला आली. दोन आकडे पाहिले. चेहरा उतरला नाही. मागची पानं उलटून तिने विचारलं, आंटी, यातला खरा कोणता. मी एकशे ऐंशीवर बोट ठेवलं. तिने डॉक्टरांना फोन केला. कौसाबाईने मला धरून तीन मजले उतरवलं आणि रिक्षात घातलं. दवाखान्यात दोनदा वाफ दिली, जुना पंप सुरू केला, अभ्यासातून नाव काढलं.

वहीतलं खोडायचं नसतं. खोट्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालून सही करायची. छत्तीस सह्या झाल्या. चार वेळा थांबले. हिमानी वही धरून उभी होती.

आता १७०.

कुंदा