घंटा आणि तोफ यांतील फरकाविषयी

हेल्म्सबी, यॉर्कशर
सप्टेंबरातला दुसरा सोमवार

प्रिय बंधू क्लेमंट यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. डोरोथीला प्रेम आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला सहानुभूती. गुडघा बदलून घ्यावा की नाही, यावर तू गेल्या दोन पत्रांत दोन्ही बाजूंनी उत्तम युक्तिवाद केलास, निकाल मात्र दिला नाहीस. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब वाढला आहे, पण तो रोग नव्हे, मत आहे.

या पत्राने मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : परदेशी संशोधकांना ‘संवेदनशील’ विषय शिकू द्यावेत की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी कचेरीला घंटा आणि तोफ यांतला फरक कळत नाही, आणि ज्याला तो कळत नाही, त्याच्या हाती देशाची सुरक्षितता सोपवणे धोक्याचे आहे. (मध्येच उठून चहा करू नकोस. सिद्धता सलग वाचायची असते.)

माझ्या वरच्या मजल्यावर राहणारी गोलनाझ रस्तेगार तुला आठवत असेल. ईस्टरला तिने तुझ्या ताटात केशरी भाताची कुरकुरीत खरपूड वाढली आणि तू ‘भात लागला वाटतं’ म्हणून ती टेबलाखाली कुत्र्याला दिलीस, तीच. (त्यांच्याकडे खरपूड मानाच्या पाहुण्याला वाढतात. कुत्र्याने तो मान ओळखला.) मुलगी इस्फहानची. धातुशास्त्रातली वरची पदवी तिने इथल्याच विद्यापीठातून घेतली, आणि आता प्राध्यापक टनिक्लिफ यांच्या हाताखाली तिला डॉक्टरेट करायची आहे. विषय असा की, चर्चच्या जुन्या घंटांना तडे का जातात. आमच्या चर्चची मोठी घंटा याच वर्षी तडकली. तेव्हापासून ती वाजली की स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून पातेले पडल्याचा भास होतो आणि लोक देवाऐवजी मांजराचे नाव घेतात. घंटांची निगा राखणाऱ्या एका न्यासाने गोलनाझला विद्यावेतनही मंजूर केले. राहिली होती ती फक्त कचेरीची परवानगी.

नियम असा आहे. (तू न्यायदान केलेस याचा अर्थ तू कायदे वाचलेस असा होत नाही, म्हणून सांगते.) ठरावीक देशांच्या नागरिकांनी ठरावीक विषय इथे शिकायचे तर आधी परवानगी काढायची. विषय ठरतात ते मथळ्यावरून. घंटा काशाची, कासे हा धातू, आणि ‘धातू’ या मथळ्याखाली क्षेपणास्त्रेही येतात. म्हणजे क्षेपणास्त्र धातूचे असते, घंटा धातूची असते, सबब घंटा क्षेपणास्त्र असते. पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याने असे अनुमान लिहिले असते, तर मी त्याला सगळ्या वर्गासमोर ते मोठ्याने वाचायला लावले असते, आणि पुढच्या वर्षी तो भूगोलाकडे गेला असता. याच न्यायाने माझ्या खणातले काटे-चमचे हा शस्त्रसाठा ठरतो.

याहून संतापाची गोष्ट पुढे आहे. त्याच प्रयोगशाळेत, गोलनाझच्या शेजारच्या टेबलावर, डॅरन नावाचा एक सज्जन तरुण रणगाड्याच्या पत्र्यावर संशोधन करतो. त्याला कसलीही परवानगी लागत नाही, कारण तो इथल्याच ग्रिम्सबीला जन्मला. मला डॅरनविषयी तक्रार नाही. तो माझे गटार साफ करून देतो. पण जो खरोखर रणगाडा करतो तो निर्धोक, आणि जिला घंटा दुरुस्त करायची आहे ती धोकादायक, हे ज्या तर्काने निघते त्याला तर्क म्हणणे हा माझ्या आयुष्यभराच्या धंद्याचा अपमान आहे. त्यातून, काशाला तडे कसे जातात ही सगळी विद्या गावच्या वाचनालयात उघड्या कपाटात पडलेली आहे. गोलनाझने ती एकटीने वाचली तर देश सुरक्षित; गुरूपाशी बसून समजून घेतली तर देश संकटात. हे ऐकून टनिक्लिफ म्हणाले, “म्हणजे मी शिकवल्यानं विद्यार्थ्याला काही कळतं, असं निदान सरकार तरी मानतं.” त्यांना सगळ्याची थट्टाच सुचते.

तीन आठवड्यांपूर्वी नकार आला. एक ओळ, कारण नाही. मी कचेरीला फोन लावला. पाऊण तास सनई-चौघड्याचा इंग्रजी अवतार ऐकून झाल्यावर एक तरुण आवाज आला.

“बोला, आजी.”

मी त्याची आजी नाही हे प्रथम स्पष्ट केले आणि नकाराचे कारण विचारले.

“कारण सांगता येत नाही, आजी.”

“का?”

“तेही सांगता येत नाही.”

“म्हणजे कारण न सांगण्यामागे काही कारण आहे, एवढं तरी तुम्हाला मान्य आहे?”

“असेलच की. पण मला कुठं सांगतात?” तो बिचारा आवाज खाली करून म्हणाला. “मी नुसता फोन उचलतो हो.”

हा संपूर्ण कारभारातला एकमेव प्रामाणिक माणूस, आणि त्याला त्यांनी फोनवर बसवले आहे.

घंटा ओढणाऱ्या मंडळींत दर गुरुवारी याच विषयावर सभा भरते. (गोलनाझही त्यांच्यात दोर ओढते, आणि पाद्रीबाबांपेक्षा ताल धरून ओढते.) त्यांचा म्होरक्या नॉर्मन स्केफ खाटीक आहे आणि त्याची मते त्याच्या सुरीसारखी आहेत. परवा तो मला म्हणाला, “बाईसाहेब, सरकारचं चुकत नाही बरं का. आमची घंटा हत्यार आहेच. वरून सुटली की शत्रू जागच्या जागी सपाट. फक्त शत्रूला बरोबर दोराखाली उभं करायला हवं.” मग गोलनाझकडे वळून, “काय गं पोरी, तुझ्या मनात पाद्रीबाबा तर नाहीत ना?” सगळे हसले, तीही हसली. घरी येताना मात्र तिने मला विचारले की तिची पुस्तके माझ्या माळ्यावर ठेवता येतील का, कारण विमानात इतके वजन नेऊ देत नाहीत.

क्लेमंट, परिस्थिती ही अशी आहे. महिनाअखेरीस तिचा इथे राहण्याचा परवाना संपतो. फेरविचाराची विनंती एकदाच करता येते, आणि ती येत्या शुक्रवारच्या आत पोहोचायला हवी. ती फेटाळली तर विद्यावेतन दुसऱ्याला जाईल, गोलनाझ परत जाईल आणि चार वर्षांची तिची मेहनत माझ्या माळ्यावर धूळ खाईल. तर्काची चूक फळ्यावर झाली की पुसता येते. कचेरीत झाली की एक माणूस पुसला जातो. एवढ्याने माझे विधान सिद्ध झाले असे मी मानते.

तुझी बहीण,
विनिफ्रेड

ता.क. डोरोथीचा मुरंबा पोहोचला. संत्री जाड चिरली आहेत, पण हेतू चांगला दिसतो.

आणखी ता.क. वरील सिद्धतेत एक आधारविधान गाळले आहे. तू ते शोधलेच असतेस, म्हणून मीच देते. अर्जासोबत संशोधनाचे टिपण जोडावे लागते. गोलनाझने लिहिले होते : ‘या संशोधनाचा युद्धाशी काहीही संबंध नाही.’ इंग्रजी तपासण्यासाठी तिने ते मला दाखवले. ‘काहीही नाही’ हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, म्हणून मी ते खोडून तिथे असे घातले : ‘घंटेचा व जुन्या तोफांचा धातू एकाच कुळातला असून युद्धकाळात घंटा वितळवून तोफा ओतल्या जात, सबब या ज्ञानाचा लष्करी उपयोग तत्त्वतः नाकारता येत नाही.’ वाक्य निर्दोष आहे. काल टनिक्लिफ यांनी प्रत वाचून विचारले, “हे तोफेचं कोणाच्या डोक्यातून निघालं?” मी तोंड उघडण्यापूर्वीच गोलनाझ म्हणाली, “माझ्याच.” आणि माझ्यापुढे चहा ठेवून वर गेली.

कचेरीवरचा माझा राग यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. डॅरनला कोणी टिपण मागितले नव्हते.

शेवटचा ता.क. शिफारस मी मागत नाही. शिफारशींविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. फेरविचाराच्या विनंतीला जोडायच्या खालच्या मजकुरावर न्यायाधीश म्हणून साक्षीची सही कर आणि उलट टपाली पाठव. मला जाब विचारायचा असेल तर शुक्रवारनंतर विचार.

‘मी, विनिफ्रेड हॅझलडीन, तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सोबतच्या अर्जातील तोफेसंबंधीचे वाक्य कुमारी रस्तेगार यांचे नसून माझे आहे. ते वाचून त्या म्हणाल्या होत्या, “वाक्य फार सुंदर आहे. इतकं सुंदर, की माझ्या साध्या अर्जाला शोभायचं नाही.” त्या दोन वर्षे माझ्या घरी राहिल्या आहेत, आणि त्यांचा नकार असाच असतो हे मला ठाऊक असायला हवे होते. मी ती स्तुती समजले. ही चूक माझी आहे.

(सही) विनिफ्रेड हॅझलडीन’