डाव्या हाताची गाठ

सोमवार
पोचलो एकदाचे! घरात साधा खिळा ठोकता न येणारी मी, धाकट्या बहिणीच्या नादाला लागून रानात तंबू ठोकायला शिकतेय. निघताना आईने बजावलंय, दोघी जाताय तशा दोघी परत या. शिकवणारे मास्तर मिशीतल्या मिशीत हसतात. मी डावखुरी, त्यामुळे माझी गाठ उलटी बसते. मास्तर म्हणाले, चालेल, सुटली नाही म्हणजे झालं. तंबूची चेन मात्र माझ्या हातून दर वेळी अर्ध्यावर अडकते. मग थोडी खाली घ्यायची, एक शिवी हासडायची आणि पुन्हा वर ओढायची. धाकटी तीच चेन सर्रकन उघडते आणि वर दात काढते.

मंगळवार
तीन दगडांची चूल मांडली. धुराने रडवलं. शिट्टीचा नियमही शिकलो. एक लांब शिट्टी म्हणजे 'माझ्याकडे ये', उत्तराच्या दोन छोट्या म्हणजे 'आले'. लांब ऐकली की हातातलं टाकून आवाजाकडे निघायचं. माझी लांब शिट्टी शेवटी फुसकते. धाकटी म्हणाली, ताई, तुझी सायकल पंक्चर झाली.
तंबूमागच्या झाडाला एक वेल बांधलेली दिसली. गाठ उलटी, पण ढिली, शिकाऊ हाताची. मी बांधलेली नाही. हा धाकटीचाच चावटपणा.

बुधवार
आज झाडाझाडांवर गाठी. सगळ्या उलट्या, आणि आता घट्ट. धाकटी गळ्याची शपथ घेऊन सांगते, मी नाही. झुडपांपलीकडे एक चूल सापडली, माझ्या चुलीसारखीच डावीकडे कललेली. मास्तर म्हणाले, आधीच्या कुणाची असेल. पण सोमवारी त्यांनीच सांगितलं होतं, यंदा इथे पहिल्या तुम्हीच.
मी शिकताना मोठ्याने पुटपुटते. दोरी वरून, मग खालून, मग ओढायची. कोणीतरी ऐकून ऐकून शिकतंय. मला भीती वाटते. घरी जाऊ म्हटलं, तर धाकटी म्हणाली, भित्री भागूबाई! उद्या परीक्षा आहे. मास्तर खाली रस्त्यावर थांबणार, आम्ही दोघीच इथे.

गुरुवार, सकाळ
दाट धुकं. धाकटी ओढ्यावर पाण्याला गेलीय. मी तंबूत.
बाहेर लांब शिट्टी वाजली. शेवटी फुसकली.
माझी शिट्टी माझ्या गळ्यात आहे.

तिच्या दोन छोट्या आल्या. निघाली ती — अगं, नको!
मी जीव खाऊन फुंकली. तिकडूनही वाजली. दोन्ही फुसक्या, दोन्ही माझ्याच. तिला कसं कळणार कुठली —

पुन्हा दोन छोट्या. लांबून. मग काहीच नाही.
पाय उचलत नाहीत. हात तेवढा लिहितोय. आईला काय —

पावलं. तंबूकडे. आली! आली गं बाई माझी —
चेनला हात लागला
अर्ध्यावर अडकली
थोडी खाली गेली —
धाकटीची कधीच अडक