त्या पावणेदोन तासांत तुम्ही कुठे होतात?

प्रिय आई,

काल दुपारी मी आणि रेवा फ्रान्सहून परत आलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. तुमचा अभि वर्कशॉपला गेलाय, रेवा झोपलीये, आणि मी मशीन लावायचं सोडून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन दीड वर्ष होत आलं. तुम्ही होतात तेव्हा एकाच घरात राहायचो, पत्र कशाला लिहिलं असतं? सासूला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पण आई, मला कळलं! दोन वर्षांपूर्वी त्या कालव्यावरून तुम्ही पावणेदोन तास कुठे गायब झाला होतात, ते मला कळलं. आता तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं राहवेल?

हे सगळं सुरू केलंत तुम्हीच. बाबा गेल्यावर तुम्ही शारजाला आमच्याकडे राहायला आलात, आणि पहिल्याच हिवाळ्यात आम्ही वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर निघालो तेव्हा म्हणालात, "मलाही एक सायकल घ्या." वय वर्षं सहासष्ट! अभि हसला. मी घाबरले. तुम्ही भाड्याची सायकल घेतलीत, पंजाबीची ओढणी कमरेला बांधलीत आणि रेवाच्या पुढे निघून गेलात.

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की तुमचे वडील नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते, दारं उघडून शेतांच्या चाऱ्यांना पाळीने पाणी सोडायचे. त्यांच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून तुम्ही कालव्याच्या भरावावरून अर्धं पॅडल मारत शाळेला जायचात. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती माझ्या, आणि हे मला माहीतच नव्हतं! मी कधी विचारलंच नव्हतं का?

मग आमच्या अल क्वोजच्या ऑफिसातली ग्लोरिया, ती वसईची, जेवायला आली आणि तिने फ्रान्समधल्या बर्गंडीचे फोटो दाखवले. सरळ कालवा, दोन्हीकडे झाडं, काठाने सायकलची वाट. पूर्वी त्या वाटेवरून घोडे चालायचे आणि दोराने नावा ओढायचे, असं ती सांगत होती. सगळे "वॉव, सो ब्यूटिफुल" म्हणत होते. तुम्ही चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि विचारलंत, "हे पाणी कुणाच्या शेताला जातं?"

ग्लोरियाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"चारी कुठे दिसत नाही, दारं नाहीत. मग पाण्याची पाळी लावतं कोण?"

"आंटी, तिथे बोटी चालतात ना."

"नुसत्या बोटींसाठी एवढं पाणी?" तुम्हाला ते पटेचना. आठवडाभर पटलं नाही. त्या पाण्यासाठी तुम्ही आम्हाला फ्रान्सला नेलंत, असंच मी म्हणेन. मी दोनदा नाही म्हणाले होते, ते आठवतं मला. गुडघे, बीपी, व्हिसा, सगळी कारणं देऊन झाली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बॅटरीची सायकल मिळते म्हणे तिथे."

आणि काय मजेत चालला होतात तुम्ही! दर लॉकपाशी उतरायचात. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची दगडी खोली. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, की बोट पायरी चढल्यासारखी वर येते. तुम्ही ते दहा-दहा मिनिटं बघत राहायचात. आम्ही पुढे जाऊन थांबायचो. "यल्ला आजी!" रेवा इथल्या अरबीत "चला" म्हणून ओरडायची, आणि तुम्हीही "यल्ला यल्ला" म्हणत यायचात.

तिसऱ्या दिवशी त्या लॉकपाशी आम्ही जेवायला थांबलो. रेवाची चेन पडली होती, अभि ती बसवत होता. मी झाडाखाली आडवी झाले. तुम्ही म्हणालात, "जरा पाणी बघून येते." मी डोळेही उघडले नाहीत.

अर्ध्या तासाने उठले तर तुम्ही नाही. तुमची सायकल झाडाला टेकलेली, फोन तिच्या बास्केटमध्ये. हाका मारल्या, लॉकशेजारच्या घराचं दार वाजवलं, तिथेही कुणी नव्हतं. अभि एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. आई, मी त्या लॉकच्या कडेला ओणवी होऊन खाली पाण्यात बघत होते. काळं पाणी होतं, तळ दिसत नव्हता. तुम्हाला पोहता येतं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी काय शोधत होते त्या पाण्यात, ते लिहवत नाही.

आणि पावणेदोन तासांनी तुम्ही त्या घरात राहून लॉकची दारं सांभाळणाऱ्या बाईंबरोबर टेकडीच्या बाजूने सावकाश चालत आलात! पायजम्याला चिखल, केसांत पान. चेहऱ्यावर हसू.

मी काय बोलले, ते तुम्हाला आठवत असेल. रेवासमोर, अभिसमोर, त्या परक्या बाईंसमोर. "लहान आहात का तुम्ही? सांगून जाता येत नाही? तुम्हाला आणायलाच नको होतं!"

तुमचं हसू गेलं. "निघूया," एवढंच म्हणालात. त्या बाई हातवारे करत मागून काहीतरी सांगत आल्या, मी "मर्सी मर्सी" म्हणून सायकल हाणली. त्यानंतर मुक्कामापर्यंत चौदा किलोमीटर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पुढच्या एकाही लॉकपाशी उतरला नाहीत. मला वाटलं, दुखावलात. माफी मागावी असं रोज वाटायचं. शारजाला परतलो, ऑफिस सुरू झालं, रेवाच्या परीक्षा आल्या. फेब्रुवारीत एका दुपारी चहा घेता घेता तुमचा कप कलंडला, आणि खलास. माफी राहून गेली.

कुठे गेला होतात, तेही राहून गेलं. तुम्ही आपणहून का नाही सांगितलंत? मी विचारलं नाही, हे खरं. पण एरवी भाजीवाल्याशी झालेलं बोलणंसुद्धा सांगायचात मला!

म्हणून या सुट्टीत आम्ही दोघीच गेलो. अभिला रजा नव्हती. रेवा आता पंधराची आहे, शाळेत फ्रेंच शिकते. मी तिला म्हटलं, आपण त्या बाईंना शोधू. ती म्हणाली, "मम्मा, दॅट्स क्रेझी. लेट्स गो."

सापडल्या, आई! त्याच लॉकवर, त्याच घरात. नाव सोलांज. मी फोनवर तुमचा फोटो दाखवला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी केली. तुम्ही येणार आहात का, असं विचारलं. रेवाने सांगितलं. त्यांनी तुमचा फोटो पुन्हा हातात घेतला.

मग सांगायला लागल्या, आणि रेवा मला एकेक वाक्य सांगत गेली. तुम्ही म्हणे त्यांच्या दारात जाऊन कालव्याकडे बोट दाखवलंत, ओंजळीने पाणी घेतल्यासारखं केलंत, ते गवतावर ओतलंत, आणि हात हलवून विचारलंत, कुठे? त्यांना वाटलं, तुम्हाला भूक लागलीये. त्यांनी पाव आणला! तो खाऊन तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पाणी कुठे जातं, ते दाखवण्यासारखं काही नव्हतं, ते नुसतं खाली खाली जातं. पण ते येतं कुठून, हे दाखवता येत होतं. म्हणून त्या तुम्हाला टेकडीवर घेऊन गेल्या.

आम्हीही चढलो त्या वाटेने. झाडीतून एक छोटा पाट येतो, आपल्या चारीएवढाच. वर एक तळं आहे, आणि तळ्याच्या तोंडाशी लोखंडी दार, फिरवायच्या चाकाचं. तुम्ही ते दार बघितलंत आणि सोलांजला बाजूला सारलंत म्हणे! दारापाशी पालापाचोळा अडकला होता. तुम्ही दार आधी थोडं वर घेतलंत, कचरा वाहून जाऊ दिलात, मग पुन्हा होतं तिथे आणून ठेवलंत. "मम्मा, शी सेज आजी न्यू हाऊ. शी सेज शी डिडन्ट हॅव टू टीच हर एनीथिंग."

कुणी शिकवलं तुम्हाला? वडिलांनी? त्यांच्याबरोबर जायचात का दारं उघडायला? किती वर्षांच्या होतात? आता कुणाला विचारू मी?

आणि उतरताना तुम्ही पडलात. ओल्या दगडावरून पाय घसरला, गुडघा सुजला. सोलांजने तिथेच गळ्यातल्या स्कार्फची पट्टी बांधली, आम्हाला बोलवायला निघाल्या, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत.

त्या गुडघ्याने चौदा किलोमीटर? आणि पुढचे तीन दिवस? कसं हो केलंत? आता एकेक आठवतंय मला. हॉटेलात तुम्ही पाण्यात बर्फ हवा म्हणालात. जन्मात कधी गार पाणी न पिणारी बाई रोज ग्लासभर बर्फ मागते, आणि सुनेला शंका येत नाही! तुम्ही गप्प होतात ते दुखण्यामुळे. बोललात तर आवाजातून कळेल म्हणून. हो ना? की रागही होता थोडा?

मी रेवाला म्हटलं, विचार, मी ओरडले तेव्हा आजी काही म्हणाल्या का. मला ऐकायची भीती वाटत होती. सोलांज उठल्या. त्यांनी सांगितलं, मी ओरडून सायकलकडे वळले तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, आणि हे केलंत. त्यांनी दोन्ही कोपरं पसरली, मान पुढे काढली आणि स्वयंपाकघरात पिल्लं गोळा करत फिरल्या. कोंबडी! तुम्ही मला कोंबडी म्हणालात!

रेवा इतकी हसली की तिची कॉफी सांडली. मीही हसले. मग मला बाहेर जाऊन थोडा वेळ कालव्याकडे बघत उभं राहावं लागलं.

पण आई, एक तक्रार आहेच. परक्या बाईला दाखवलात तो गुडघा मला का नाही दाखवलात? मी "बघा, सांगितलं होतं ना" म्हणाले असते, म्हणून? तुम्हाला माझी भीती वाटायची का? म्हणाले असते हो मी. नक्की म्हणाले असते. पण तेल गरम करून पायाशीही बसले असते.

परतताना विमानात रेवाने हळूच विषय काढला. डिसेंबरमध्ये तिच्या शाळेचा सायकल ग्रुप खोर फक्कानच्या डोंगराकडे जातोय, दोन दिवस, कोचबरोबर. माझ्या तोंडात "नो वे" आलंच होतं. चढ, ट्रक, ऊन, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, "जा."

"सीरियसली?" तिने तीनदा विचारलं.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. दर तासाला फोन करणार नाही. दोन तासांनी केला तर चालेल ना? ती परत येईल तेव्हा चिखलाने भरलेली असेल, उशीर झालेला असेल, कुठेतरी खरचटलेलं असेल. मी दारात उभी असेन, आणि माझा आवाज चढायला लागलेला असेल. पण तिला पहिला प्रश्न विचारीन तो हाच: "काय काय बघितलंस?"

तुमची,
मानसी
शारजा