खाकीतला फोटो

ज्योत्स्ना बेटा,

तुमी दोघं झोपेत होते म्हणून उठवलं नाही. मी सकाळच्या एसटीनं अकोल्याले चाललो, दुपारी परत येतो. गोळी घेतली आहे.

सोमवारी ऑपरेशनसाठी भरती व्हायचं आहे. त्याच्या आधी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतो. खाकी वर्दी घातली, छातीवर डायवरचा बिल्ला लावला. वरची गुंडी लागत नव्हती, तुह्या डब्यातली सेफ्टी पिन घेतली. एकतीस वर्षं एसटी चालवली, चाकाखाली एक कोंबडी आली नाही. मी गेल्यावर भिंतीवर तोच माणूस दिसला पाहिजे.

तुही सासू गेली तेव्हा घाईघाईत लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा फोटो कापला. तिच्या खांद्यावर हात कोणाचा राहिला, ते आजवर समजलं नाही. माह्या वेळेस धम्मदीप आधार कार्डावरचाच मोठा करून आणीन. त्याच्यात मी चोरट्यासारखा दिसतो.

तिच्या बाजूले मी कालच खिळा ठोकला. धम्मदीपनं त्याच्यावर हेल्मेट टांगलं आहे. ते काढायले सांगजो.

बाबा