सहाव्या स्तोत्रातलं तिकीट

मंगळवार, दिवेलागण. बुलढाणा.

आज हातून जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. सासूबाई तीन महिने अंथरुणाला खिळल्यात. रोज संध्याकाळी मी त्यांना बायबलातलं सहावं स्तोत्र वाचून दाखवते. देवा, मला मरणातून सोडव, मेल्यावर तुझी आठवण कोण काढील? तिथे खूण म्हणून धाड गावच्या बसचं तिकीट ठेवलंय.

आज तिसऱ्यांदा त्यांचं अंथरूण बदलून बसले, आणि वाचलं ते दुसरंच स्तोत्र, मेंढपाळाचं, हिरव्या कुरणांचं.

"हे तं मातीच्या टायमाले वाचतेत ना, बाई?" त्यांनी विचारलं.

"पान चुकलं, आई."

खोटं. तिकीट जागच्या जागी होतं. मग काय, मनातल्या मनात मी त्यांना पुरून, माती उरकूनही टाकली होती?

घाईघाईनं तिकिटाचं पान काढलं. "राहू दे," म्हणाल्या, आणि डोळे मिटून स्वतःच प्रार्थना केली. आज जीव मागितला नाही. एवढंच म्हणाल्या, "देवा, माह्या सुनेले आता आराम दे."

मला आराम कशानं मिळेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणि मी सवयीनं, चांगलं मोठ्यानं, "आमेन" म्हणून गेले.