हॅल्वर्सनने मला दिलेला दगा

१० सप्टेंबर, रविवार
जिंकलो! आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा जुना क्वार्टरबॅक गुडघा धरून बाहेर गेला आणि त्याच्या जागी पास फेकायला हॅल्वर्सन नावाचं पोरगं आलं. कधी न खेळलेलं. तीन टचडाउन! पहिल्याच पासला मी हिरा ओळखला. (बायको, म्हणजे आर्लीन, म्हणते मी तेव्हा बाथरूममध्ये होतो. असेन. आवाजावरून ओळखला.)

१७ सप्टेंबर
परत जिंकलो. रेडिओवरच्या मॅचच्या गप्पांच्या कार्यक्रमाला फोन लावला. म्हटलं, पेपर मिलमधला नॉर्बर्ट बोलतोय. पुढची पंधरा वर्षं आपल्या अख्ख्या विस्कॉन्सिन राज्याने निवांत झोपावं.

२४ सप्टेंबर
तिसरा विजय. मेहुणा डेलबर्ट माझ्याच सोफ्यावर, माझंच सॉसेज खात म्हणाला, "दाजी, तीनच मॅच झाल्यात. अजून कुणी त्याचा अभ्यास केलेला नाही. दोन पास तर समोरच्यांच्या हातातून निसटले म्हणून वाचला."
तुला माणसं कळत नाहीत, मी सुनावलं.
"कळतात ना. म्हणून तर ताईला लग्नाआधी सांगत होतो."
पुन्हा घरात पाऊल ठेवू नकोस म्हणालो. गेला. सॉसेजसकट.

१ ऑक्टोबर
हरलो. वारा फार होता.

८ ऑक्टोबर
हरलो. चार पास थेट शत्रूच्या हातात. वारा नव्हता, पण रेफरी होता. रेडिओवर तसं ठणकावून सांगितलं.

१५ ऑक्टोबर
दाणादाण. डावीकडे पळवलं की पोरगं गडबडतं, हे आता सगळ्या लीगला कळलंय. मग मला का नाही सांगितलं आधी? मी कुठे कमी पडलो? नशीब धुऊन जाऊ नये म्हणून महिनाभर मॅचचा शर्ट धुतला नाही. आर्लीन दुसऱ्या खोलीत झोपते. मेहुणा तोडला. आणि हा असा दगा!
रेडिओवर म्हणालो, हाकला त्याला, मला पहिल्या दिवसापासून शंका होती.
आर्लीनने खटकन रेडिओ बंद केला. म्हणाली, "कुणाचं तरी पोर आहे ते, नॉर्बर्ट."
मी काय आभाळातून पडलो?

२३ ऑक्टोबर, सोमवार
हॅल्वर्सनला संघातून काढलं. माझं ऐकलं अखेर.

२४ ऑक्टोबर
न्हाव्याकडे गेलो. शेजारच्या खुर्चीत कोण? हॅल्वर्सन. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा लहान. मी न्हाव्याला 'बाजूने बारीक' एवढंच म्हणालो आणि तो वळला.
"काका, तुम्ही रेडिओवरचे नॉर्बर्ट ना? आवाजावरून ओळखलं. सगळे म्हणत होते हा टिकणार नाही, तेव्हा तुम्ही एकटेच माझ्या बाजूने बोललात. आईला फोनवर ऐकवायचो मी तुमचं बोलणं."
शेवटच्या फोनबद्दल चकार शब्द नाही.
मी म्हणालो, नाही रे बाबा, तो माझा मेहुणा. आमचा आवाज सारखाच आहे.
न्हाव्याची कात्री थांबली. तीस वर्षं माझे केस कापतोय तो.
"बरं," पोरगं म्हणालं, "मग त्यांना माझे आभार सांगा."
सांगतो म्हणालो. उठून पळावंसं वाटलं, पण डोकं अर्धंच झालं होतं.